परदेशी विद्यापीठात प्रत्यक्ष शिकताना नेमके काय वेगळे असते?

प्रश्न : नवेसत्र

नमस्कार. येत्या शरद ऋतूत सुरू होणाऱ्या सत्रासाठी मला दोन ठिकाणी पदव्युत्तर प्रवेश मिळाला आहे. एक अभ्यासक्रम ब्रिटनमधील, एक वर्षाचा आहे. दुसरा जर्मनीतील, इंग्रजी माध्यमाचा आणि दोन वर्षांचा. व्हिसा, विमा, बँक खाते, राहण्याची सोय यांविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात आणखी काही विचारावेसे वाटत नाही. परंतु तेथे पोहोचल्यावर ज्यासाठी जायचे तो अभ्यास कसा असतो, यावर मात्र कोणी सविस्तर लिहिलेले मला आढळले नाही.

दोन्ही विद्यापीठांची नमुना वेळापत्रके मी पाहिली. जर्मनीच्या वेळापत्रकात आठवड्याला जेमतेम पंधरा-सोळा तास भरलेले दिसतात, तर ब्रिटनच्या त्याहूनही कमी. उरलेल्या वेळात विद्यार्थ्याने काय करणे अपेक्षित असते? मला आजवर चांगले गुण मिळत आले असले, तरी ते बहुतांशी सत्राच्या अखेरीस नोंदी पाठ करून मिळवलेले आहेत, हेही येथे सांगायला हवे. गुण देण्याची पद्धत, शिक्षकांशी बोलण्याची रीत, वाङ्मयचौर्याचे नियम आणि शिकता शिकता थोडे काम करता येते का, याविषयी ज्यांनी स्वतः अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : मॉड्यूलपुस्तिका

मी जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेतले, त्यामुळे त्याच बाजूबद्दल लिहितो. वेळापत्रकातील मोकळ्या जागा पाहून बहुतेकांची फसगत होते, म्हणून आधी हिशेबच मांडतो. युरोपीय क्रेडिट पद्धतीत एका सत्राला ३० क्रेडिट धरलेली असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत धरलेले असते. समजा एक विषय ६ क्रेडिटचा आहे आणि क्रेडिटला ३० तास धरले आहेत. म्हणजे त्या विषयासाठी १८० तास. आठवड्याला व्याख्यान व सराववर्ग मिळून चार तास, असे पंधरा आठवडे झाले की ६० तास होतात. उरलेले १२० तास तुमचे, आणि ते तुम्ही कधी, कुठे, कसे घालवता याची चौकशी कोणीही करीत नाही. अनेक विषयांत हजेरीदेखील घेतली जात नाही.

व्याख्यानापेक्षा सराववर्गाला अधिक महत्त्व द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दर आठवड्याला एक प्रश्नसंच मिळतो, तो स्वतः सोडवून यायचे असते आणि वर्गात एखादा संशोधक विद्यार्थी किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी त्यावर चर्चा घेतो. काही विषयांत या प्रश्नसंचांत ठरावीक गुण मिळवल्याशिवाय अंतिम परीक्षेलाच बसता येत नाही. काही विषयांत ते पूर्णपणे ऐच्छिक असतात. गंमत अशी, की ऐच्छिक असतात तेथेच विद्यार्थी अधिक संख्येने गाळात जातात, कारण पुष्कळ वेळा संपूर्ण विषयाची श्रेणी एकाच अंतिम परीक्षेवर ठरते आणि त्या परीक्षेत प्रश्नसंचांच्याच धाटणीचे, पण नवे प्रश्न असतात. पाठ केलेल्या नोंदी तेथे फारशा उपयोगी पडत नाहीत.

परीक्षेबाबत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. विषयाला नाव नोंदवले म्हणजे परीक्षेलाही नोंदवले गेले, असे नसते. परीक्षेची नोंदणी वेगळी करायची असते, तिची मुदत वेगळी असते आणि ती चुकली की सत्रभर केलेली मेहनत पुढील परीक्षेपर्यंत लांबणीवर पडते. दुसरे म्हणजे, नापास झाल्यावर पुन्हा बसण्याच्या संधी मोजक्याच असतात. अनेक ठिकाणी त्या तीन असतात, पण आकडा प्रत्येक अभ्यासक्रमाच्या परीक्षा नियमावलीत पाहावा लागतो. अनिवार्य विषयात शेवटची संधीही वाया गेली तर विद्यापीठातून नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठातही पुढे चालू ठेवता येत नाही. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. परंतु ‘बसून तर पाहू’ म्हणून तयारीविना परीक्षेला जाण्याची सवय असेल, तर ती येथे परवडणारी नाही. मुदतीच्या आत नाव मागे घेता येते, आणि शहाणे विद्यार्थी ती सोय निःसंकोचपणे वापरतात.

श्रेणी उलट्या क्रमाने चालतात: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण, ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. १.६ ते २.५ या पट्ट्याला ‘चांगला’ म्हणतात. निकालानंतर तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्यासाठी एक दिवस ठरवून दिलेला असतो. एका खोलीत तुमची उत्तरपत्रिका तुमच्या पुढ्यात ठेवली जाते, शेजारी गुणदानाचा तक्ता असतो, आणि अमुक पायरीला गुण का दिले नाहीत, असे तुम्ही तेथेच विचारू शकता. श्रेणी बदलो वा न बदलो, मी त्या खोलीत गेल्याशिवाय राहत नसे. परीक्षकाला उत्तरात काय पाहायचे असते हे जितके तेथे कळते तितके व्याख्यानात कळत नाही.

जाता जाता: वेळापत्रकात ‘१० सी. टी.’ असे दिसले तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो; ‘१० एस. टी.’ असेल तर दहाच्या ठोक्याला. आणि व्याख्यान संपल्यावर सगळे बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक करू लागले तर दचकू नका, ती तेथील टाळी आहे.

उत्तर : उत्तरवारा

वरील उत्तरातील हिशेब ब्रिटनलाही लागू पडतो, फक्त आकडे बदलतात. तेथील एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणपणे १८० क्रेडिटचा असतो आणि एका क्रेडिटला १० तास धरतात, म्हणजे एकूण १८०० तास. त्यांपैकी बहुधा ६० क्रेडिट उन्हाळ्यात लिहायच्या प्रबंधासाठी असतात. २० क्रेडिटच्या विषयाला २०० तास धरलेले असताना प्रत्यक्ष वर्ग वीस-तीस तासच भरतो. मानव्यविद्या व समाजशास्त्रांत उरलेला जवळजवळ सगळा वेळ वाचनात आणि लेखनात जातो.

वाचनाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण नवे विद्यार्थी तेथेच अडखळतात. प्रत्येक आठवड्यासाठी वाचनयादी दिलेली असते आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षरशः वाचून काढायची, असा समज करून घेतला तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत दमछाक होते. यादीत आवश्यक आणि पूरक असे दोन भाग असतात. आवश्यक लेख नीट वाचायचे, आणि लेखकाचे म्हणणे काय, ते कोणाच्या विरोधात मांडले आहे, पुरावा कोणता दिला आहे आणि तो आपल्याला पटतो का, एवढे स्वतःच्या शब्दांत पानभर लिहून ठेवायचे. सेमिनारमध्ये हेच विचारले जाते. दहा-पंधरा जण टेबलाभोवती बसतात, शिक्षक एक प्रश्न टाकून गप्प राहतात आणि ती शांतता कोणी तरी विद्यार्थ्याने मोडावी अशी अपेक्षा असते. ‘लेखकाचा हा मुद्दा मला समजला नाही’ हे वाक्यदेखील तेथे सहभागच मानले जाते. न बोलणे मात्र तयारी नसल्याचे लक्षण समजले जाऊ शकते.

गुणांबद्दल मनाची तयारी आधीच करून ठेवा. पदव्युत्तर स्तरावर साधारणतः ५० ला उत्तीर्ण, ६० ला ‘मेरिट’ आणि ७० ला ‘डिस्टिंक्शन’ असते. ज्यांना ऐंशी-नव्वदची सवय आहे त्यांना पहिल्या निबंधाला ६४ पडले की आपण बुडालो असे वाटते; प्रत्यक्षात ६४ हा चांगला निबंध असतो. ८० च्या वरचे गुण अपवादानेच दिसतात. आकड्यापेक्षा त्याखालील अभिप्राय महत्त्वाचा. ‘वर्णन भरपूर, विश्लेषण कमी’ अशा अर्थाचा शेरा परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना हमखास मिळतो. कोणी काय म्हटले हे सांगून थांबलात, त्यांची परस्परांशी तुलना केली नाहीत आणि स्वतः कोणती बाजू घेता हे लिहिले नाहीत, असा त्याचा अर्थ.

आणि एक वर्ष म्हणजे फार थोडा काळ, हे विसरू नका. सप्टेंबरच्या अखेरीस वर्ग सुरू होतात, पहिले निबंध डिसेंबर-जानेवारीत द्यायचे असतात आणि सर्व विषयांच्या मुदती एकाच आठवड्यात येऊन आदळतात. उशिरा दिलेल्या कामाचे गुण अनेक ठिकाणी दिवसागणिक कापले जातात. आजारपण किंवा घरातील गंभीर अडचण असेल तर मुदतवाढ मिळते, पण त्यासाठीचा अर्ज शक्य तितका आधी आणि पुराव्यासह करावा लागतो; शिक्षकांना तोंडी सांगितले म्हणून काम होत नाही.

उत्तर : साहाय्यक_शिक्षक

तुमच्या यादीत अमेरिका नाही, तरीही लिहितो, कारण मी तेथे संशोधन करीत असताना पदवीच्या वर्गांना साहाय्यक म्हणून शिकवले आणि पुष्कळ गोष्टी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिल्या. तेथे अंतिम परीक्षेवर सर्व काही अवलंबून नसते. आठवड्याचे गृहपाठ, सत्रमध्य परीक्षा, प्रकल्प, वर्गातील सहभाग अशी गुणांची विभागणी होते आणि ती पहिल्याच दिवशी मिळणाऱ्या ‘सिलॅबस’ नावाच्या कागदावर टक्क्यांसह छापलेली असते. एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम, ही तेथील केंद्र शासनाच्या नियमातीलच व्याख्या आहे.

मला मुख्यतः सांगायचे आहे ते ‘ऑफिस अवर्स’विषयी, आणि ही सोय या ना त्या नावाने ब्रिटन व जर्मनीतही असते. आठवड्यातील ठरावीक वेळी शिक्षक आपल्या खोलीत केवळ विद्यार्थ्यांसाठी बसलेले असतात. मी बसत असे तेव्हा बहुतेक आठवडे खोली रिकामी असे आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी दारापर्यंत रांग लागे. शिक्षकांकडे जाणे म्हणजे आपल्याला काही येत नाही हे कबूल करणे, किंवा त्यांना त्रास देणे, असा संकोच अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या मनात असतो. वस्तुतः तो वेळ त्यांच्या कामाचाच भाग आहे. मात्र ‘मला हा धडा समजला नाही’ असे म्हणत रिकाम्या हाताने जाऊ नये. अर्धवट सोडवलेला कागद समोर ठेवावा आणि ‘येथपर्यंत आलो, या ओळीनंतर हे गृहीतक का लागू होते हे कळत नाही’ असे बोट ठेवून विचारावे. अशा प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर मिळते आणि विचारणारा लक्षातही राहतो. पुढे शिफारसपत्र मागण्याची वेळ येते तेव्हा, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलेच नाही ते शिक्षक काय लिहिणार?

संबोधनाबाबत थोडेसे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अनेक प्राध्यापक स्वतःहून पहिल्या नावाने हाक मारायला सांगतात. जर्मनीत आडनाव आणि पदवी लावूनच सुरुवात करणे योग्य ठरते. पहिल्या ई-मेलमध्ये सर्वत्र पदवी लावावी आणि त्यांच्या उत्तराखाली जशी सही असेल त्यावरून पुढचे ठरवावे. पहिल्या नावाने बोलतात म्हणून गुण देताना ते सैल असतात, असा अर्थ मात्र काढू नये.

पालकांविषयीही सांगून ठेवतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरील हक्क त्या विद्यार्थ्याचाच असतो. शुल्क कोणी भरले यावरून पालकांना निकाल पाहण्याचा आपोआप अधिकार मिळत नाही. युरोपातही विद्यापीठे विद्यार्थ्याच्या संमतीवाचून घरी काही कळवीत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेत तर विद्यापीठाला निष्कारण फोन करून त्यांना निराश व्हावे लागणार नाही.

प्रतिसाद : नवेसत्र

तिघांचेही मनापासून आभार. वर्गाबाहेरच्या तासांचा हिशेब वाचून थोडी धडकी भरली, पण चित्र स्पष्ट झाले. वाङ्मयचौर्याबद्दल मात्र अजून नीट कळलेले नाही. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किती टक्क्यांपर्यंत चालते? कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरता येतात का? आणि अंशकालीन काम करायचे असेल तर या दोहोंपैकी कोणता अभ्यासक्रम अधिक सोयीचा पडेल?

उत्तर : उत्तरवारा

‘किती टक्के चालते’ हा प्रश्नच चुकीच्या दिशेने नेतो. टर्निटिनसारखे सॉफ्टवेअर केवळ मजकुरातील साम्य दाखवते. चोरी झाली की नाही हे माणूस ठरवतो. संदर्भसूची आणि अवतरणचिन्हांतील उतारे धरून २५ टक्के साम्य निघालेला निबंध निर्दोष असू शकतो, आणि एकच परिच्छेद दुसऱ्याचा उचललेला असेल तर ४ टक्के असूनही चौकशी होऊ शकते. वाक्यातील चार शब्द बदलून रचना तशीच ठेवणे आणि खाली संदर्भ देणे, हेदेखील बऱ्याच ठिकाणी सदोष मानले जाते. मूळ उतारा बंद करून, स्वतःला समजलेले स्वतःच्या वाक्यरचनेत लिहावे आणि मग संदर्भ द्यावा. आपणच दुसऱ्या विषयासाठी दिलेला निबंध पुन्हा वापरणेही नियमाविरुद्ध असू शकते, याची पुष्कळांना कल्पना नसते. मित्रासोबत बसून चर्चा करण्यास हरकत नसते, पण वैयक्तिक कामाची उत्तरे मिळून लिहिली तर दोघेही अडचणीत येतात, ज्याने दिले तोसुद्धा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत विद्यापीठाचा एक सर्वसाधारण नियम असतो आणि त्याखाली प्रत्येक विषयाचा वेगळा. एकाच विद्यापीठात एका विषयात भाषा सुधारण्यासाठी साधन वापरून ते नमूद करण्याची मुभा असते आणि शेजारच्या विषयात पूर्ण बंदी. त्या त्या विषयाच्या पुस्तिकेत लिहिलेले तेवढे खरे मानावे. लिखाणाचे कच्चे मसुदे आणि वाचनाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. शंका घेतली गेली तर आपले काम आपलेच आहे, हे दाखवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

उत्तर : मॉड्यूलपुस्तिका

कामाबद्दल लिहितो. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातच विद्यार्थी साहाय्यक म्हणून केलेले काम या मर्यादेत मोजले जात नाही, आणि ते काम आपल्या विषयाजवळचे असल्याने मी नेहमी त्याचीच शिफारस करीन. ब्रिटनमध्ये पदवी व त्यावरील अभ्यासक्रमांसाठी सत्रकाळात साधारणपणे आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. येथे एक खाच आहे. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात उन्हाळ्यातील प्रबंधलेखनाचा काळ सुट्टीत धरला जात नाही, म्हणून तेव्हाही २० तासांचीच मर्यादा राहते. उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून खर्च भरून काढू, हा बेत अनेकांचा याच ठिकाणी फसतो.

उत्तरवारा यांनी ब्रिटनचे जे वर्णन केले आहे ते पाहता, ज्याला आजवर सलग, लांब निबंध लिहिण्याचा सराव नाही आणि ज्याला कामही करायचे आहे, त्याने दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडावा असे मला वाटते. जर्मनीत चार सत्रांचा अभ्यासक्रम पाच सत्रांत पूर्ण करणारे पुष्कळ असतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, मात्र निवासपरवाना वाढवून घेताना अभ्यासात प्रगती दाखवावी लागते. ब्रिटनमध्ये अभ्यासक्रम असा लांबवण्यास फारसा वाव नसतो.

उत्तर : साहाय्यक_शिक्षक

या शेवटच्या मुद्द्यावर माझा थोडा मतभेद आहे. दोन वर्षांची मोकळीक सर्वांना मानवतेच असे नाही. ज्याला मुदत जवळ आल्याशिवाय कामाला हात घालता येत नाही, अशा विद्यार्थ्याला हजेरी नाही, गृहपाठाची सक्ती नाही आणि सत्राच्या अखेरीस एकच परीक्षा, ही व्यवस्था अधिक कठीण जाते. ब्रिटनचे लागोपाठ येणारे निबंध त्याला निदान लिहिते तरी ठेवतात. प्रश्नकर्त्याने स्वतःच सांगितले आहे की आजवरचा अभ्यास सत्राच्या शेवटी होत असे. तेव्हा निवड करण्यापूर्वी, गेल्या वर्षभरात कोणीही मागितले नसताना आपण किती अभ्यास केला, याचे प्रामाणिक उत्तर काढावे.

दुसरे असे, की ‘कोणीही चौकशी करीत नाही’ हे खरे असले तरी मदतच नसते असे नाही. शैक्षणिक लेखनासाठी केंद्र, ग्रंथालयातील विषयतज्ज्ञ, समुपदेशन, दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत अधिक वेळ मिळवून देणारा विभाग, या सोयी बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असतात. फक्त आपण होऊन दार ठोठवावे लागते. पहिल्या महिन्याभरात व्याख्यात्याच्या उच्चारांमुळे निम्मे वाक्य निसटते, थट्टेवर सगळे हसतात आणि आपण तेवढे गप्प राहतो, हे बहुतेकांच्या बाबतीत घडते आणि काही आठवड्यांत कान सरावतात. परंतु सत्राच्या मध्यावरही झोप, भूक आणि वर्गात जाण्याची इच्छा परतली नसेल, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नये. समुपदेशनाला अनेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते.

उत्तर : मॉड्यूलपुस्तिका

मतभेद मान्य आहे. मी लवचिकतेचा विचार केला, शिस्तीचा केला नाही. नवेसत्र, तुमच्या दोन्ही अभ्यासक्रमांच्या विषयपुस्तिका बहुधा विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर खुल्या असतील. त्यांत प्रत्येक विषयासमोर परीक्षेचा प्रकार लिहिलेला असतो: लेखी, तोंडी, निबंध, प्रकल्प की सादरीकरण. पहिल्या सत्राचे विषय घेऊन दोन्हीकडची यादी शेजारी शेजारी मांडून पाहा आणि ती येथे टाका; कोणत्या आठवड्यात किती भार येईल याचा अंदाज आम्ही मिळून सांगू शकू. जर्मनीच्या बाबतीत परीक्षा नियमावलीतील पुनर्परीक्षेचे कलमही सोबत द्या. ती अनेकदा जर्मन भाषेतच असते, पण तेवढे कलम मी वाचून सांगेन.